नंबरप्लेटचा रंग बघू नका, गाडीचं माप घ्या

मा. चेअरमनसाहेब, सेक्रेटरीसाहेब आणि कमिटीचे सर्व सभासद यांस,

स.न.वि.वि.

गेटवर चिकटवलेली आणि ग्रुपवर टाकलेली पार्किंगची नोटीस वाचली. पिवळ्या नंबरप्लेटच्या सर्व गाड्या, टेम्पो, लोडिंग रिक्षा, ऑटोरिक्षा आणि स्कूल व्हॅन रात्री नऊ ते सकाळी सात आवारात उभ्या करायच्या नाहीत. पहिल्या वेळी पाचशे रुपये दंड, दुसऱ्या वेळी हजार, तिसऱ्या वेळी चाकाला जॅमर. खाली कमिटीचा शिक्का आहे. वार्षिक सभेच्या ठरावाचा नंबर किंवा तारीख कुठेही नाही.

माझा गुजरातीतला अर्ज ऑफिसात पोचला आहे आणि त्याची पोचही मी घेतली आहे. हे पत्र मराठीत आणि उघडपणे लिहिते आहे, कारण कमिटीत निम्मे लोक आपलेच मराठी आहेत, आणि हाच नियम आता बडोद्यातल्या इतर सोसायट्यांतही येऊ घातला आहे. समा, वाघोडिया रोड, मांजलपूर, कुठल्याही नातेवाइकाकडे गेलं तरी जेवता जेवता हा विषय निघतोच. सोसायटीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. भांडण नियमाशी आहे.

आधीच सांगते, माझी गाडी पांढऱ्या प्लेटची आहे. हा नियम लागू झाला तर माझं काहीच बिघडत नाही, उलट गाडी वळवायला चार हात जागा जास्त मिळेल. तरीही हा नियम मला मान्य नाही, कारण गाडी किती जागा घेते, कुणाला त्रास देते, काही धोका आहे का, यातलं काहीच तो विचारत नाही. तिच्यावर माणूस पोट भरतो का, एवढंच तो विचारतो. आणि भरत असेल तर तिला रात्री बाहेर काढतो.

आपल्या बी विंगच्या खाली दोन ईको शेजारी शेजारी उभ्या असतात. दोन्ही पांढऱ्या रंगाच्या, दोन्ही सीएनजीच्या, दोघींच्या मागच्या काचेवर जय माताजी. एक आपल्या एका सभासदाची घरची गाडी आहे, रविवारी पावागड नाहीतर डाकोर करून येते. दुसरी शाळेची मुलं नेते. लांबी दोघींची ३६७५ मिलिमीटर, रुंदी १४७५. कंपनीच एका मापाची बनवते, फरक कुठून येणार? नोटिशीनुसार यातली एक राहणार आणि दुसरी रस्त्यावर जाणार.

त्या दुसऱ्या ईकोला पिवळी प्लेट कशी आली, हे कमिटीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. २०२४ च्या जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा गुजरातभर स्कूल व्हॅनच्या पासिंगवरून केवढा गदारोळ झाला. भाड्याने मुलं न्यायची तर गाडीला टॅक्सी पासिंग पाहिजे, परमिट पाहिजे, फिटनेस पाहिजे, असा आरटीओचा आग्रह होता आणि व्हॅनवाल्यांनी संपही केला. आपल्या शेजाऱ्यांनी पैसे भरले, कागदपत्रं केली, पांढरी प्लेट उतरवून पिवळी लावली. मुलांच्या सुरक्षेसाठी सरकारने सांगितलं म्हणून लावली. ते गप्प बसले असते, पांढऱ्या प्लेटवरच चोरून भाडं मारत राहिले असते, तर आज आपल्या नोटिशीत त्यांची गाडी सापडलीच नसती. म्हणजे कायदा पाळला त्याची शिक्षा. कमिटीने हे एकदा तरी टेबलावर घेऊन बोलायला हवं होतं.

सुरक्षेचाच मुद्दा असेल, तर पिवळ्या प्लेटची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेसला जाते, आणि त्यानंतर दरवर्षी. ब्रेक, दिवे, टायर, सगळं बघितलं जातं. आपल्या घरच्या पांढऱ्या गाड्यांना पहिली पंधरा वर्षं असं कुणी बोलावत नाही. माझी गाडी शेवटची कुणी सरकारी माणसाने कधी तपासली, असं विचाराल तर मला उत्तर देता येणार नाही. तपासलेली गाडी बाहेर आणि न तपासलेली आत, हा सुरक्षेचा नियम कसा?

आता मापाचं बोलते. आपले पार्किंगचे चौकोन पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद आहेत. टेप लावून बघितलं आहे. ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात तो टाटा एस ३८०० मिलिमीटर लांब आणि १५०० रुंद. पुढे-मागे मिळून मीटरभर जागा उरते. ऑटोरिक्षा तर जेमतेम २६३५ मिलिमीटर, म्हणजे चौकोनाच्या अर्ध्याला थोडी जास्त. याउलट इनोव्हा क्रिस्टा ४७३५, फॉर्च्युनर ४७९५. स्कॉर्पिओ-एन १९१७ मिलिमीटर रुंद आहे; दोन्ही बाजूंनी दारं उघडली की शेजारच्याला आपल्या गाडीत चढता येत नाही. या गाड्या कुणी आणू नयेत असं मी म्हणत नाही. लोकांनी हौसेने आणि कष्टाच्या पैशाने घेतल्या आहेत. पण जागेची अडचण सांगून सगळ्यात छोटी वाहनं आधी बाहेर काढायची, हे कुठल्या हिशेबात बसतं?

वजनाचंही तेच. सभेत कुणीतरी म्हणालं की टेम्पोने पोडियमच्या, म्हणजे बेसमेंटवरच्या, स्लॅबवर लोड येतो. छोटा हत्ती मालासकट दीड-पावणेदोन टनांचा होतो. रिकामी फॉर्च्युनर दोन टनांच्या आसपास असते. स्लॅबला प्लेटचा रंग कळत नाही. इंजिनीअरला बोलवा, तो सांगेल तेवढी वजनमर्यादा लिहून लावा आणि सगळ्यांना एकसारखी लावा. पहिली सही माझी.

काही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांना माझा पाठिंबा आहे. पहाटे साडेचारला कॅरेट आपटण्याचा आवाज येतो तो येतोच. पहिल्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, त्याच्या आईने सांगितलं ते खोटं नाही. भाजीचा टेम्पो सयाजीपुऱ्याच्या मार्केट यार्डात पहाटेच पोचावा लागतो, हेही खरं. मग रात्री दहा ते सकाळी सहा आवारात माल चढवायचा-उतरवायचा नाही, रिकामे कॅरेट रात्रीच बांधून ठेवायचे, गाडी सुरू करून तापवत बसायचं नाही, असा नियम करा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतही रात्र म्हणजे दहा ते सहाच धरली आहे. हा नियम पांढऱ्या गाड्यांनाही लावा, कारण रात्री अकरा वाजता गरब्याहून परतताना दारं उघडी टाकून गाणी लावणारी गाडी टेम्पो नसते.

दुसरी खरी तक्रार मालाची. आपण नंदेसरी आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतींच्या गावात राहतो. कुणाच्या गाडीत रात्रभर केमिकलचे कॅन राहिले, गॅसचे सिलिंडर राहिले, तर ते चालणार नाही. वर चार मजल्यांवर माणसं झोपलेली असतात. भरलेल्या गाडीत ज्वालाग्राही माल ठेवून ती आवारात आणायची नाही, हा नियम कडक करा आणि मोडणाऱ्याला पहिल्याच वेळी मोठा दंड करा. यात मी कमिटीच्याही एक पाऊल पुढे आहे.

आणि फायरच्या बंबाची वाट. राजकोटच्या गेमझोनच्या आगीत २५ मे २०२४ ला २७ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडेही फायरची कागदपत्रं तपासली गेली, बंबासाठी वाट मोकळी ठेवा असं बजावलं गेलं. नोटिशीतही तेच कारण लिहिलं आहे. म्हणून आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर मी खाली जाऊन बघितलं. वाटेवर उभ्या गाड्या दिसल्या, रोज दिसल्या. त्यातली एकही पिवळ्या प्लेटची नव्हती. पिवळ्या गाड्यांचे मालक आपल्याला कुणी बोलू नये म्हणून बिचारे चौकोनात अगदी रेषेला रेष लावून उभ्या करतात. वाटेवर असतात त्या घरातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गाड्या.

इथे खरं दुखणं आहे आणि ते बोलायला सगळे कचरतात, म्हणून मी लिहिते. आपल्याकडे फ्लॅट तेवढेच चौकोन आहेत. पंधरा वर्षांपूर्वी ताबा मिळाला तेव्हा निम्म्या घरांत नुसत्या स्कूटर होत्या. आता मुलगा कमावता झाला, सून आली, प्रत्येकाला गाडी लागते. चौकोन वाढले नाहीत. त्यामुळे चार-पाच पिवळ्या गाड्या काढल्या की चार-पाच चौकोन मोकळे होतात, आणि ते कुणाला मिळणार हे नोटिशीत नसलं तरी सगळ्यांना कळतं. म्हणजे एका घराची पोटाची एकुलती गाडी बाहेर काढून दुसऱ्या घराची दुसरी गाडी आत घ्यायची. माझ्या दृष्टीने हा अन्याय आहे, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यावर केलेला अन्याय आहे.

शेजारच्या महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमावलीत, यावर सरळ तोड आहे. आधी प्रत्येक सभासदाला एक जागा. उरली तरच दुसरी, तीही वर्षावर्षाच्या बोलीने, दुसऱ्या कुणाला पहिली हवी असेल तर सोडायची. गाड्या जास्त आणि जागा कमी असेल तर चिठ्ठ्या टाकायच्या. पुण्या-मुंबईच्या आपल्या भाऊबंदांना विचारा, तिथेही भांडणं होतात, पण निदान पहिली गाडी कुणाची आणि दुसरी कुणाची यावर होतात. ते उपविधी आपल्याला बंधनकारक नाहीत, पण त्यातली रीत घ्यायला आपल्याला कोण अडवतं?

कमिटीतले आपले वकील सभासद सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल दाखवतात, अहमदाबादच्या पारशी हाउसिंग सोसायटीचा. सोसायटीचे उपविधी हा सभासदांनी आपसात केलेला करार आहे आणि तो सभासदांना बांधतो, असा त्याचा आशय आहे. तो निकाल मला मान्य आहे. पण तिथे विषय होता रजिस्टर झालेल्या उपविधीचा, जो वाचून आणि मान्य करून सभासद आत येतो. आपल्या उपविधींत पिवळ्या प्लेटविषयी एक ओळ नाही. माझ्याकडे प्रत आहे, कुणीही येऊन वाचावी. गुजरात सहकारी संस्था अधिनियम १९६१ प्रमाणे उपविधी बदलायचा तर सर्वसाधारण सभेत ठराव पाहिजे आणि रजिस्ट्रारकडे नोंद पाहिजे, नोंद होईपर्यंत तो बदल लागू होत नाही. ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे उपविधी होत नाही. ज्यांनी फ्लॅट घेताना असलं काही वाचलं नव्हतं, ज्यांनी गाडीचं कर्ज काढलं ते खाली आपला चौकोन आहे या भरवशावर काढलं, त्यांना आज तो करार कसा दाखवणार? जॅमर लावायचा अधिकार कमिटीला कोणत्या ठरावाने मिळाला, तेही मला लेखी हवं आहे.

मागच्या बैठकीत एक काका म्हणाले, अमेरिकेत बघा, माझ्या मुलाच्या कॉलनीत कामाच्या गाड्या, पिकअप, कुणी दारात उभी करू शकत नाही, म्हणून तिथे शिस्त आहे. काकांना मान देऊन सांगते, तिथे असे नियम खूप आहेत हे खरं आहे. तिथल्या घरमालक संघटना पिकअपसुद्धा चालवून घेत नाहीत, दारावर कंपनीचं नाव रंगवलेलं असलं तरी दंड करतात. पण लोक याला इतके कंटाळले की फ्लोरिडा राज्याने २०२४ मध्ये कायदाच केला. घरमालक संघटनेला आता तिथे माणसाची स्वतःची गाडी, मग ती पिकअप का असेना, त्याच्या घराच्या ड्राइव्हवेत उभी करायला मनाई करता येत नाही, आणि कामाच्या गाडीवर कंपनीचं नाव आहे म्हणूनही अडवता येत नाही. अपवाद ठेवला तो खरोखरच्या अवजड व्यापारी वाहनांचा. म्हणजे अमेरिकेचा दाखला द्यायचाच तर तो पूर्ण द्यावा. जे तिकडे मागे घ्यावं लागलं, ते आपण नव्याने आणतो आहोत.

आणि दाखल्यासाठी इतक्या लांब तरी कशाला जायचं? देशातली पहिली सहकारी मंडळी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती अन्योन्य सहकारी मंडळी १८८९ साली याच बडोद्यात निघाली. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकरांच्या मार्गदर्शनाखाली, आपल्यासारख्याच मध्यमवर्गी लोकांनी ती काढली. एकट्याला जे पेलत नाही ते सगळ्यांनी मिळून पेलायचं, म्हणून ती निघाली. आपण सोसायटीच्या नावात 'को-ऑपरेटिव्ह' लिहितो आणि नोटीस अशी काढतो की ज्याला पेलत नाही त्यानेच बाहेर जायचं. कवठेकरांच्या गावात राहणाऱ्या मराठी माणसाला याची खंत वाटायला हवी. मला वाटते.

बाहेर जायचं म्हणजे काय, तेही नीट सांगायला हवं. सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर रात्री गाडी उभी केली तर सकाळी बॅटरी जागेवर असेल याची खात्री नाही. स्टेपनी, ताडपत्री, दोरखंड, काहीही जातं. आपल्या रिक्षावाल्या काकांची बॅटरी गेल्या हिवाळ्यात गेली, तेव्हा ते नुसते एका लग्नाला आलेल्या पाहुण्यांना जागा द्यावी म्हणून दोन रात्री बाहेर उभे राहिले होते. नवी बॅटरी, वर एका दिवसाचा धंदा बुडाला. हे पैसे कमिटी देणार का? विमा कंपनी विचारते की गाडी रात्री कुठे होती. आणि सगळ्या पिवळ्या गाड्या बाहेर गेल्या की तो रस्ता अरुंद होणार, म्हणजे बंबाची जी वाट आपण आत मोकळी केली ती बाहेर बंद होणार.

ऑगस्ट २०२४ चा पूर सगळ्यांना आठवत असेल. विश्वामित्री चढली, बेसमेंट भरलं, पाण्यावर तरंगणाऱ्या आपल्या गाड्या आपण वरून बघत उभे होतो. पाणी ओसरल्यावर पाण्याचे वीस लिटरचे जार आणि दुधाच्या पिशव्या पहिल्यांदा आत आल्या त्या छोट्या हत्तीतून. मालकाने तो आदल्या संध्याकाळीच उड्डाणपुलावर नेऊन ठेवला होता म्हणून वाचला. बेसमेंटमधला गाळ, भिजलेल्या गाद्या, फुगलेली प्लायवुडची कपाटं, सगळं त्यानेच वाहून नेलं. तेव्हा कमिटीने सभेत आभार मानले होते, इतिवृत्तात ते आहे. पण त्या उपकाराची फेड म्हणून जागा द्या, असं मी म्हणणार नाही, आणि तो गृहस्थही म्हणणार नाही. पूर आला नसता तरी तो सभासदच असता. तो मेंटेनन्स भरतो, लिफ्टच्या दुरुस्तीचे जादा पैसे त्याने सगळ्यांच्या आधी भरले. खुली पार्किंगची जागा घरबांधणी व्यवसायावरच्या रेराच्या २०१६ च्या कायद्यातही सामाईक जागेतच धरली आहे. आवारात त्याचा वाटा तुमच्या-माझ्याएवढाच आहे.

सोसायटीचं नाव खराब होतं, भाव पडतो, असं दोघातिघांनी मला जिन्यात अडवून सांगितलं. त्यावर मी फार लिहित बसत नाही. सकाळी भाजी दारात हवी, मुलांना शाळेची व्हॅन हवी, रात्री स्टेशनहून यायला रिक्षा हवी, आणि ती चालवणारा माणूस शेजारी राहतो म्हणून घराचा भाव पडतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते सर्वसाधारण सभेत उभं राहून, त्या माणसाच्या समोर बोलावं.

अंमलबजावणीचंही बघा. विजेच्या गाड्यांना हिरवी प्लेट असते. खाजगी असेल तर अक्षरं पांढरी, भाड्याची असेल तर पिवळी. तीन ई-गाड्या आपल्याकडे आल्याच आहेत, अजून येतील. रात्री वॉचमनने टॉर्च मारून अक्षरांचा रंग बघायचा आणि महिना बारा-तेरा हजारांवर काम करणाऱ्या त्या माणसाने सभासदाला गेटवर अडवायचं, हे त्याच्यावर लादू नका. त्याला टेप द्या, रेषा दाखवा. रेषेच्या आत आहे ना, वाट मोकळी आहे ना, तेल गळत नाही ना, आत माल नाही ना. एवढं तो नीट बघेल आणि कुणाशी वाकडेपणाही येणार नाही.

कमिटीला माझी विनंती आहे की ही नोटीस स्थगित करावी. पार्किंगचा विषय येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि चौदा दिवस आधी सगळ्यांना नियमाचा मसुदा गुजराती, मराठी आणि हिंदीतून द्यावा. मसुद्यात गाडीचं माप, वजन, आवाज, माल आणि बंबाची वाट यांवर बोलावं. प्लेटच्या रंगाचा उल्लेख नसावा. घरटी पहिली गाडी आणि दुसरी गाडी यांची यादी नंबरांसह लावावी, माझ्या घरापासून सुरुवात करावी. तोपर्यंत स्कूल व्हॅनला आणि रिक्षाला लावलेला दंड मेंटेनन्सच्या बिलात चढवू नये. या महिन्याची बिलं पंचवीस तारखेला निघतात, म्हणून त्याआधी लेखी उत्तर मिळावं.

आपली,
बी विंगमधील एक सभासद
समा, बडोदा